त्या दगडाला शेंदूर नाही

प्रिय आई-बाबा,

आई, परवा विचारलंस ना रविवारी फोन का लागत नव्हता, तर डार्टमूरला, म्हणजे इथल्या इंग्लंडमधल्या मोठ्या माळरानावर, गेले होते, ऑफिसमधली मैत्रीण दर महिन्याला जाते तिने या वेळी मलाही ओढत नेलं. प्लिमथहून गाडीने पाऊण तास, प्रिन्सटाऊनचं जुनं जेल मागे टाकलं की मेरिव्हेल येतं. नुसतं माळरान, झाड म्हणून नाही, वारा असा की टोपी हातात धरूनच चालायचं आणि सगळीकडे मेंढ्या. पहिल्या दहा मिनिटांतच माझा पाय चिखलात घोट्यापर्यंत गेला, मग दिवसभर एक मोजा ओला.

तिथे दगडांच्या लांबच लांब जोडरांगा आहेत, मोठी रांग अडीचशे मीटरच्या वर जाते पण दगड जेमतेम गुडघ्याएवढे, काही तर गवतातच बुडालेले. मला वाटलं एवढंच बघायला आणलं की काय हिने. आणि थोडं पुढे तो एकटा उभा दगड, दहा फुटांच्या वर, सडपातळ. ब्रॉन्झ युगातला, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षं तरी सहज झाली. हात लावून बघितला तर ग्रॅनाइट एकदम खरखरीत, आत खडीसाखरेसारखे खडे चमकतात, आणि खालच्या बाजूला मेंढ्या अंग घासून घासून गेल्या त्यांची लोकर चिकटलेली. बस. शेंदूर नाही, नारळ नाही, साधं नावसुद्धा नाही, आणि तो का उभा केला ते लिहून ठेवायला तेव्हा इथे लिपीच नव्हती. आपल्याकडे एवढा दगड असता तर एव्हाना त्याचा म्हसोबा होऊन वर पत्र्याची शेड आली असती!

बाबा, मला तुमचा बांधावरचा दगड आठवला. काकांनी हातभर सरकवला म्हणून तुम्ही दोन दिवाळ्या त्यांच्याकडे फराळाला गेला नव्हतात, आणि इथे बघा, ना सातबारा ना मोजणी आणि मेंढ्या खुशाल पाठ खाजवतायत.

अजून एक, या जागेला प्लेग मार्केट पण म्हणतात. 1625 मध्ये टॅव्हिस्टॉक गावात प्लेग आला तेव्हा आसपासचे शेतकरी इथे दगडांपाशी धान्य-भाजी ठेवून जायचे आणि गावकरी मागाहून येऊन न्यायचे असं सांगतात. कोविडमध्ये बाबा गेटवर दुधाच्या पिशव्या ठेवून लांब उभे राहायचे, तसंच की!

तर सप्टेंबरचं तिकीट काढतेय, आता नाही म्हणू नका. गाडी रस्त्यालगत लावता येते, चढ फारसा नाही, बाबांच्या गुडघ्याला जमेल हळूहळू. गमबूट इथे घेऊ. आणि आई, तू कुंकवाची डबी पर्समध्ये आणणारच हे मला माहितीये, पण त्या दगडाला बोट लावू देणार नाही हं, संरक्षित स्मारक आहे ते. लांबूनच नमस्कार कर.

तुमची,
छकुली