चार्ली बॉर्न, अण्णा आणि आमचा ओंकार

सातारा, रविवार रात्र

प्रिय सुहाश्या,

हे फोनवर बोलता येणार नाही म्हणून लिहितोय. फोनवर तू मधेच "हां हां, कळलं" म्हणतोस आणि मलाही वाटतं कळलं असेल, आणि ठेवल्यावर लक्षात येतं की मुद्द्याचं राहूनच गेलं. आईचे गुडघे आहेत तसेच, माझं बीपी गोळीवर बरं, वैशाली ठीक. ईशाचं जमल्याचं मंदीकडून कळलं, फार बरं वाटलं लेका. मुलगा बडोद्यातलाच ना? तारीख लवकर कळव, रजा आधी टाकावी लागते.

तर झालं असं की आमच्या ओंकारने चार्ली वाचला, आपलं ते 'चार्लीज वॉर', पॅट मिल्सने लिहिलेलं आणि जो कोहूनने काढलेलं पहिल्या महायुद्धावरचं ब्रिटिश कॉमिक.

तू पाठवलेले ते दोन जाडे खंड, २०१८ चे, कपाटात वरच्या खणात होते. त्याने स्वतःहून काढले. हे आधीच सांगतो कारण वैशालीला वाटतंय की मीच मुद्दाम त्याच्या टेबलावर ठेवले. तुला माहितीये तो फौजेच्या भरतीची तयारी करतोय, पहाटे पाचला अकॅडमीच्या पोरांबरोबर ग्राउंडवर, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आणायचं म्हणून जीव काढतोय, डिसेंबरात साडेसतरा पूर्ण होतील आणि मग लगेच फॉर्म. मी आजवर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मुलगा मनापासून काही करतोय त्याला आडवं कसं जायचं, आणि तू तर मला ओळखतोस, या एका विषयावर मी तोंड उघडलं की आवाज जातो.

दोन रात्री त्याच्या खोलीत लाइट होता. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम म्हणाला, बाबा, चार्लीने आणि त्याच्या दोस्ताने, वीपरने, आपल्याच लेफ्टनंट थॉमसवर गोळी झाडली नाही, ते बरोबरच ना. मी म्हटलं बरोबरच. मग बराच वेळ त्याच्यावरच बोलत होता. थॉमसने आपली माणसं वाचावीत म्हणून हुकूम नसताना मागे घेतली, आणि त्यालाच भित्रा ठरवून फायरिंग स्क्वॉडपुढे उभा केला, आणि झाडायला नकार दिला म्हणून या दोघांना तोफेच्या चाकाला बांधून ठेवलं. आपण ते पान सातवीत असताना वाचलं होतं ना रे? तू तेव्हा म्हणालेलास ही गोष्ट रचलेली आहे, स्वतःच्याच माणसांना कोण गोळ्या घालतं. आणि २००६ साली ब्रिटिश सरकारने अशा ३०६ सैनिकांना मरणोत्तर माफी दिली तेव्हा तूच मला बातमी कळवलीस, खाली एक शब्द नाही, नुसती बातमी. मिल्सने हे पोरांच्या साप्ताहिकात माफीच्या पंचवीस-सव्वीस वर्षं आधी लिहिलं होतं, आणि तेही कुठल्या साप्ताहिकात, तर बॅटलमध्ये, जिथे बाकीच्या पानांवर एकेक हिरो पन्नास-पन्नास जर्मन लोळवत असायचा!

आपलं जुनं भांडण आहेच. तू म्हणणार चार्ली मोठा आहे तो जो कोहूनच्या चित्रामुळे, मिल्स काय, मिल्स भाषणं ठोकतो. थर्ड वर्ल्ड वॉर या त्याच्या दुसऱ्या कॉमिकच्या बाबतीत मी तुझं ऐकतो, तिथे कंपन्या कशा गरीब देशांना लुटतात हे सांगताना पात्रं बाजूला राहतात आणि मिल्सच बोलायला लागतो. पण चार्लीत तो बोलूच शकत नाही कारण चार्लीला काही माहीतच नाही. सोळा वर्षांचं लंडनचं गरीब पोरगं, वय खोटं सांगून भरती झालेलं, धड लिहिता येत नाही. पहिला हप्ता ६ जानेवारी १९७९ चा आणि आतली तारीख २ जून १९१६, म्हणजे सोमची लढाई महिन्यावर आलेली. पुढे १ जुलैला एका दिवसात १९,२४० ब्रिटिश मेले हे तुला-मला ठाऊक, चार्लीला नाही. तो घरी कार्डं लिहितो, स्पेलिंग सगळी चुकलेली, इथे बरं आहे, काळजी करू नका, आणि त्याच चौकटीत खाली काय चाललंय ते कोहून दाखवतो. आता सांग, हे चित्राचं मोठेपण की लिखाणाचं? ते कार्ड काढून टाक आणि नुसतं चित्र बघ. मग चित्र झाकून नुसतं कार्ड वाच. दोन्ही वेळा अर्धंच हातात येतं. मला वाटतं या भांडणाला तीस-पस्तीस वर्षं झाली, पण मी मागे हटणार नाही. चिखलाचं मात्र तुझं खरं, तसा काळ्या शाईचा चिखल परत कुणी काढला नाही.

आणि जिंजरचं पान. ओंकारने त्या पानावर बसचं तिकीट घालून ठेवलेलं मला सापडलं. गोळा पडतो, जिंजर होता तिथे जिंजर नाही, आणि चार्ली जे काही उरलंय ते गोणीत गोळा करतो आणि ती गोणी उचलून खंदकातून चालत जातो. मोठं दुःखाचं वाक्य नाही, संगीत वाजल्यासारखं काही नाही. पोरगं आपल्या दोस्ताला उचलून नेतंय एवढंच. तुला आठवतं, हे वाचल्यावर तू तुझ्या वाटणीची भेळ मला दिली होतीस, आयुष्यात एकदाच.

आता खरी गोष्ट. मी समजत होतो की हे वाचून ओंकार थंडावेल. मिल्सने लिहिलंच त्यासाठी, तो उघड सांगतो की त्याला युद्धाच्या विरुद्ध लिहायचं होतं, चहाचा कप हातात घेऊन पोरांना मरायला पाठवणारा कॅप्टन स्नेल, घरी बसून चोऱ्यामाऱ्या करून पैसा करणारे चार्लीचे दाजी, फ्रान्समधल्या एतापलच्या कॅम्पातलं ब्रिटिश सैनिकांचं सप्टेंबर १९१७ चं बंड, हे सगळं त्याने खच्चून भरलंय. पण मिल्सचा राग वरच्यांवर आहे. खंदकातल्या माणसांवर त्याचं इतकं प्रेम आहे की वाचणारा त्यांच्यातलाच होतो. सार्जंट ओल्ड बिल ओरडतो, शिव्या घालतो आणि पोरांना जपतो, वीपरचे डोळे गॅसने कायमचे गळतात तरी तो चार्लीच्या बाजूला उभा राहतो. ओंकारला स्नेल दिसला, पण त्याने मनात घेतला तो वीपर. मला म्हणाला, अशी माणसं तिथे असतात, म्हणून तिथे चांगल्या माणसांनी जायला पाहिजे. काय उत्तर द्यायचं सांग.

मी म्हटलं अरे पण तो सगळा फुकट गेलेला जीव आहे. तर म्हणतो, ते राजांचं युद्ध होतं बाबा, आपलं तसं नाही, अण्णाकाका फौजेत गेले ते काही इंग्रजांसाठी नव्हे.

आणि मग विचारलं, अण्णाकाकांनी हे वाचलं होतं का?

सुहाश्या, ते गठ्ठे अण्णांचेच होते हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तुझे काका मुंबईहून रद्दीतून आणायचे ते अण्णांसाठी, आपल्याला मिळायचे ते उरलेसुरले. त्या काळ्या ट्रंकेवर बसून आपण वाचायचो आणि अण्णा मागून येऊन पान उलटायचे, थांबायचेच नाहीत आपल्यासाठी. नव्व्याण्णवनंतर तू सगळे अंक माझ्याकडे आणून टाकलेस आणि परत कधी मागितले नाहीस, मीही विचारलं नाही. तर मी ओंकारला म्हटलं, हो. वाचलं होतं. सगळं वाचलं होतं.

त्याने मान हलवली, ताट उचललं, आत गेला. पहाटे पाचला गजर वाजला आणि तो गेला पळायला.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. अण्णांनी जिंजरचं पान वाचलं होतं, थॉमसचं वाचलं होतं, तरी गेले. म्हणजे त्यांना फसवून कुणी नेलं नव्हतं, सगळं माहीत असून गेले, आणि हे मला मोठं वाटतं आणि त्याच वेळी मिल्सचा राग पण खरा वाटतो, आणि दोन्ही एकत्र कसं धरायचं हे मला पन्नाशीला आलो तरी जमत नाही. अण्णांवर मी मिल्सचं वाक्य चिकटवू शकत नाही. तुला कधी वाटलं का रे की त्यांनी ते वाचायला नको होतं? किंवा नीट वाचलं नाही? आपण कधीच बोललो नाही.

मागच्या महिन्यात मामाच्या गावी गेलो होतो, चावडीच्या भिंतीतला तो संगमरवरी दगड आठवतो का, या गावातून महायुद्धाला इतके गेले आणि त्यातले इतके वारले, १९१४ ते १९१९. लहानपणी आपण त्याच्याखाली गोट्या खेळायचो. ओंकार त्याच्यापुढे उभा राहून म्हणाला, नावं कुठायत? नाहीतच. आपल्याकडच्या असल्या बहुतेक दगडांवर नुसता आकडा. इराकमधल्या कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७, उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या, चार्ली खंदकात उतरायच्या जेमतेम महिनाभर आधी. त्यांची घरी पाठवलेली कार्डं कुणी लिहिली, काय लिहिलं, आपल्याला काही दिसत नाही. मिल्सने त्या आकड्यातला एक उचलून त्याला नाव दिलं, आई दिली, चुकीचं स्पेलिंग दिलं. मला तेवढ्यासाठी तो सगळ्यात मोठा लेखक वाटतो, तू हस नाहीतर काही कर.

आणि हे सगळं लिहीत असताना तो बाकी किती लिहायचा बघ. १९७५ ला जॉन वॅग्नरबरोबर बॅटल उभं केलं, पुढच्याच वर्षी ॲक्शन हे दुसरं साप्ताहिक, ते पेपरवाल्यांच्या ओरड्यामुळे ऑक्टोबरात मागे घ्यावं लागलं, मग १९७७ ला टू थाउजंड एडी. चार्ली दर आठवड्याला चालू असतानाच तिथे एबीसी वॉरियर्स, नेमेसिस आणि १९८३ पासून स्लॉन्या या मालिका. हॉस्टेलच्या गॅलरीत टॉवेल गुंडाळून तू नेमेसिसमधला खलनायक टॉर्केमाडा व्हायचास, "शुद्ध राहा! सावध राहा! नीट वागा!" आणि त्या दिवशी खाली नेमके रेक्टर उभे. शिऱ्या अजून ते सांगून सांगून हसतो. बिसलीने काढलेला स्लॉन्याचा हॉर्न्ड गॉड तू माझ्याकडून नेलास तो अजून आलेला नाही हे पण इथे नोंदवून ठेवतो. पुढे माणूस फ्रेंच कॉमिक्सकडे वळला, चित्रकार लद्र्वाबरोबर रेक्वियेम केलं. पण मला विचारशील तर त्या सगळ्यातलं आरडाओरडा न करणारं एकच, चार्ली.

वैशाली म्हणते जाऊ दे त्याला, अडवलंस तर आयुष्यभर तोंडावर मारेल. तिचं बरोबर असेल. मला तो मरेल याचीच भीती आहे असं नाही, म्हणजे आहेच, खोटं कशाला बोलू. पण दुसरी एक आहे, तिच्याबद्दल अकॅडमीवाले एक शब्द बोलत नाहीत. अग्निवीर म्हणजे चार वर्षं, आणि त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे ठेवणार. बाकीची पोरं बावीस-तेविसाव्या वर्षी घरी. पैसे मिळतात, मान्य, पण पुढे?

इथेच मिल्स मला परत हवाय. आपल्याला लहानपणी शेवट मिळालाच नाही, गठ्ठा मधेच संपला होता, आणि आपण किती वर्षं भांडलो की चार्ली जगला की मेला. तू म्हणायचास मेला. जगला, आणि मिल्सने त्याला १९३३ मध्ये नेऊन बेकारांच्या रांगेत उभा केला, आणि तिकडे हिटलर चॅन्सलर झाल्याची बातमी. सगळी लढाई जिंकलेला माणूस भत्त्याच्या रांगेत! मिल्सने तिथेच थांबवलं, १९८५ च्या जानेवारीत. दुसऱ्या महायुद्धावर लिहायचं तर अभ्यासाला पैसे लागतील म्हणाला, ते दिले नाहीत, तो निघाला, पुढचं दुसऱ्याने लिहिलं. तो निघाला ते बरंच झालं असं मला वाटतं, कारण त्या रांगेपुढे लिहिण्यासारखं काही नव्हतं.

ओंकारने हे वाचलेलं नाही. दोनच खंड आहेत माझ्याकडे. तिसरा तू स्वतःसाठी ठेवलास, का ठेवलास ते मला माहितीये आणि मी कधी मागितलाही नसता. पण आता मागतोय. त्याला जायचं तर जाऊ दे, पण रांग बघून जाऊ दे. कुरियर केलास तर चालेल, लग्नाच्या गडबडीत तुला यायला जमणार नाही हे कळतं.

आणि दुसरं, तो तुला फोन करणार आहे. मी नंबर दिलाय. अण्णांबद्दल विचारेल. तुला नको असेल तर स्पष्ट सांग त्याला, मोठा झालाय, समजून घेईल. बोलावंसं वाटलं तर काय वाटेल ते बोल, माझ्या बाजूने बोलायला पाहिजे असं अजिबात नाही. संध्याकाळी सातनंतर तो मोकळा असतो, त्याच्या आत क्लास.

वहिनींना नमस्कार, ईशाला आशीर्वाद. पत्ता जुनाच आहे, पिनकोड नीट टाक, मागच्या वेळी चुकवला होतास.

तुझा,
दिल्या