विषय: मेलेली डोअरबेल ऑनलाइन आणण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख
(आणि त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते)

तुमच्या सुपरवायझरने आत्ताच फोन ठेवला आणि पाठोपाठ मेसेज आला की माझी तक्रार 'समाधानकारकरीत्या निकाली' निघाली आहे. समाधान नेमकं कोणाचं झालं ते मेसेजात लिहिलेलं नाही. माझं झालेलं नाही, म्हणून हे पत्र.

मॉडेल कोणतं, प्लॅन कोणता, पैसे कधी कापले, हे सगळं तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. दर वेळी नवा माणूस मला ते पहिल्यापासून विचारतो, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. तिकीट उघडा, दिसेल.

जुनी बॅटरीवाली कॅमेऱ्याची डोअरबेल थकली, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमचं दार पश्चिमेला आहे. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळीसच्या वर जातो आणि दुपारभर ऊन त्या डब्यावर असतं. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. त्यातून रस्त्यावर काही हललं की ती जागी होणार, कॅमेरा लावणार, वाय-फायवरून क्लिप वर पाठवणार. सकाळी कचरागाडी, मग दूधवाला, मग शाळेच्या व्हॅन. सुरुवातीला एकदा चार्ज केली की महिनोन्महिने बघावं लागत नसे. शेवटी शेवटी दर दोन-तीन दिवसांनी स्टुलावर चढून ती काढायची वेळ आली. बॅटरी बदलावी म्हटलं तर तुम्ही ती आत चिकटवून टाकलेली. असो. वस्तू जुनी होते, तेवढं मला कळतं.

तक्रार त्यानंतरच्या प्रकाराची आहे. चित्रण साठवण्याच्या वार्षिक वर्गणीचे पैसे कापून झाल्यावर थोड्याच दिवसांत तुमच्या ॲपने मला वरच पट्टी दाखवली: 'आपले उपकरण जुने झाले आहे. नवीन मॉडेल घ्या, सबस्क्रिप्शन तसेच चालू राहील.' शब्द तुमचे आहेत, माझे नाहीत. स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. हे वाचून मी त्याच ॲपवरून, तुमच्याच दुकानातून, तारेवर चालणारं नवं मॉडेल घेतलं. बॅटरीची कटकटच नको म्हणून. दुसऱ्या कंपनीची स्वस्त बेल मिळत होती. वर्षाचे पैसे भरलेले आहेत ते कशाला वाया घालवायचे, एवढ्या एका विचाराने तुमच्याकडे राहिले.

नवी बेल बसवली, तर ॲप म्हणतं, 'या उपकरणासाठी कोणताही प्लॅन नाही.' म्हणजे दारात कोण आलंय ते त्या क्षणी दिसणार, पण साठवलं काहीच जाणार नाही. बरं, नव्या उपकरणाबरोबर तीस दिवस फुकट असं खोक्यावर छापलंय, ते तरी द्या. तर तेही नाही, कारण 'आपल्या खात्यावर आधीच चालू प्लॅन आहे.' जरा शांतपणे वाचा हे. फुकटचे दिवस मागितले की माझ्याकडे प्लॅन आहे. रेकॉर्डिंग मागितलं की माझ्याकडे प्लॅन नाही. पैसे घेताना वर्गणी माझ्या खात्याची असते आणि सेवा द्यायची वेळ आली की ती त्या प्लास्टिकच्या डब्याची होते.

याचा परिणाम काय झाला तेही सांगते. मागच्या आठवड्यात कुरिअरवाल्याने 'ग्राहक घरी नाही' असं लिहून सासूबाईंच्या औषधाचं पार्सल परत नेलं. सासूबाई तेव्हा व्हरांड्यातच तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि त्यांच्या मते दारात कोणी फिरकलंच नाही. जुन्या बेलच्या काळात मी क्लिप काढून त्या कुरिअरवाल्याच्या ऑफिसात पाठवली असती. आता त्याचा शब्द आणि आमचा शब्द. हे होऊ नये म्हणूनच तर माणूस वर्गणी भरतो.

आता फोनबद्दल. आधीच्या फोनमधलं 'राऊटर बंद करून चालू करा', 'ॲप काढून परत टाका' हे सगळं मी केलं, दर वेळी केलं. ते सोडून देते. आजचा फोन मात्र सोडणार नाही.

आज बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर सुपरवायझर मिळाले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, सबस्क्रिप्शन ट्रान्सफर होतं, काही प्रॉब्लेम नाही." मला वाटलं, सुटले. मग म्हणाले, "फक्त त्यासाठी जुनी बेल एकदा ऑनलाइन आणा."

मी म्हटलं, ती बंद पडली आहे.

"हो मॅडम, पण ट्रान्सफरची रिक्वेस्ट जुन्या डिव्हाइसवरूनच कन्फर्म होते."

मी म्हटलं, अहो, ती ऑनलाइन येत असती तर मी नवी घेतली असती का?

"मॅडम, प्रोसेस आहे."

आम्हा पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पण निदान मेलेल्या पेन्शनरने स्वतः येऊन आपण मेल्याचा अर्ज करावा, असं आजवर कोणत्याही ट्रेझरीने म्हटलेलं नाही. तुमच्या कंपनीने ती पायरी गाठली आहे.

मी विचारलं, बेल कुणाची चोरीला गेली, भिंतीवरून पडून फुटली, तर ते लोक काय करतात? यावर थोडी शांतता. मग आवाज एकदम मऊ करून मला विचारण्यात आलं, "मॅडम, घरात कोणी टेक्निकल व्यक्ती आहे का? सर असतील तर सरांना फोन द्याल का?"

मी जन्मभर पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. हे त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, बघू तरी सरांना काय सांगतात, आणि फोन यजमानांकडे दिला. यजमान तबला शिकवतात. मोबाइलवर फोन घेणे आणि ठेवणे यापलीकडे त्यांचा या शास्त्राशी संबंध नाही, आणि ते तो ठेवूही इच्छीत नाहीत. फोन स्पीकरवर होता. सुपरवायझर साहेबांनी 'सरां'ना अगदी आदराने, टप्प्याटप्प्याने तेच सांगितलं: जुनी बेल ऑनलाइन आणा. यजमान माझ्याकडे वळून म्हणाले, "जुनी ऑनलाइन आण म्हणतायत." मी म्हटलं, बंद आहे. ते फोनमध्ये म्हणाले, "बंद आहे." तिकडून, "ओके सर, मग चार्ज करून बघा." यजमान मला म्हणाले, "चार्ज करून बघ." मी म्हटलं, चार्ज धरत नाही, म्हणून तर हे सगळं. यजमान फोनमध्ये म्हणाले, "धरत नाही." साहेब म्हणाले, "राइट सर, समजलं सर." मी हेच वाक्य आधी बोलले होते, तेव्हा ते समजलं नव्हतं. सरांच्या तोंडून आलं तसं समजलं.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पुढे म्हणाले, "सर, नवीन बेल जुन्याच बटणाच्या वायरला जोडली आहे ना? बॉक्समधल्या चित्राप्रमाणे?"

इथे मी फोन काढून घेतला. कारण हा निव्वळ वैताग नाही, धोका आहे. तुमच्या खोक्यातलं ते चित्र अमेरिकेतल्या घरासाठी काढलेलं आहे, जिथे बेलसाठी आधीपासून व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर असतो आणि बटणापर्यंत 16 ते 24 व्होल्ट येतात. आपल्याकडे, निदान आमच्या राजेंद्रनगरातल्या घरांत, दाराच्या बटणात थेट 230 व्होल्ट येतात. त्या वायरला तुमची बेल जोडली तर ती जळेलच, पण जोडणाऱ्या माणसाचं काय? आणि बेलवर बोट ठेवणाऱ्याचं? खोक्यात ट्रान्सफॉर्मर नाही आणि तो लागतो असं एक वाक्य नाही. मी आधी व्होल्ट मोजायचा मीटर लावून बघितलं, मग इलेक्ट्रिशियनकडून वेगळा ट्रान्सफॉर्मर आणून बसवून घेतला. सगळ्यांच्या घरात तसला मीटर नसतो हो. हे मी सुपरवायझरना सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, तो वेगळा इश्यू आहे, त्यासाठी वेगळं तिकीट रेज करावं लागेल."

आणि फोन ठेवताना काय म्हणाले? "सरांना आता क्लिअर झालं असेल, सो तिकीट क्लोज करतो." म्हणजे तक्रार माझी, खातं माझं, पैसे माझ्या कार्डावरून गेलेले, आणि समाधान झालं ते यजमानांचं. ते तर केव्हाच तबल्याच्या खोलीत निघून गेले होते.

मधल्या एका फोनवरच्या मुलीने दुसराच तोडगा सुचवला होता: जुनं उपकरण खात्यातून काढून टाका, मग नवं जोडता येईल. काढायला गेले तर लाल अक्षरांत सूचना: जुनी सर्व चित्रणं कायमची पुसली जातील आणि उरलेल्या काळाचे पैसे परत मिळणार नाहीत. त्या चित्रणांत शेजारच्यांची स्कूटी चोरीला गेली त्या रात्रीचा भाग आहे, जो त्यांना पोलिसांकडे द्यायचा आहे. तुमच्या ॲपवरून क्लिप एकेक करून उतरवायची आणि मध्येच ॲप आपलं बंद पडतं. त्या मुलीला मी विचारलं, हे पुसलं जाईल हे तुला माहीत होतं का? म्हणाली, "मॅडम, ते तर ऑटोमॅटिक होतं." मला तिचा राग येत नाही. तिच्यासमोर जे लिहून दिलंय ते ती वाचते. लिहून देणाऱ्यांचा येतो.

तेव्हा आता साधं सांगते. वर्गणीचे उरलेले सगळे महिने नव्या उपकरणावर टाका. ज्या दिवशी नवी बेल नोंदवली त्या दिवसापासून मोजून टाका, तुम्ही हे पत्र वाचाल त्या दिवसापासून नव्हे. जुनी चित्रणं मला एकत्र उतरवता येतील अशी सोय करा आणि तोवर ती पुसू नका. हे जमत नसेल तर नवी बेल परत न्या, तिचे पैसे आणि वर्गणीचे उरलेले पैसे, त्यावर घेतलेल्या 18 टक्के जीएसटीसह, परत करा. तिसरा पर्याय मी ऐकून घेणार नाही. विशेषतः ज्यात जुनी बेल ऑनलाइन आणायची आहे तो तर अजिबात नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवाडा द्यायचा असतो. हे पत्र त्यांच्याच पत्त्यावर पाठवते आहे, त्यामुळे घड्याळ आजपासून चालू आहे. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही नोंद करणार आहे. त्यानेही भागलं नाही तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला माझ्याच शहरात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. तुमच्या वकिलाला मात्र इथवर यावं लागेल किंवा निदान ऑनलाइन तरी यावं लागेल. ॲपवरची ती पट्टी आणि सुपरवायझरचं आजचं बोलणं शेजारी-शेजारी ठेवलं की अनुचित व्यापार प्रथा म्हणजे काय हे आयोगाला मी समजावायची गरज पडणार नाही. तुमचे कॉल तुम्ही 'गुणवत्तेसाठी' रेकॉर्ड करता ना? आजचा जपून ठेवा. मी तो मागणार आहे. पुढच्या वर्षीचे पैसे कापण्यासाठी बँकेला दिलेली परवानगी मी आजच रद्द केली आहे.

वाईट एका गोष्टीचं वाटतं. आमच्या गल्लीत तुमची बेल पहिल्यांदा मी लावली. लोक बघायला यायचे. समोरच्यांनी घेतली, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी घेतली, बडोद्याच्या माझ्या बहिणीला तर मीच घ्यायला लावली, तिचीही आता तेवढीच जुनी झाली असेल. तिला काय सांगू? आज संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर हे पत्र जसंच्या तसं टाकते आहे, म्हणजे नवी घेण्याआधी प्रत्येकाला कळेल की जुनी जिवंत आहे तोवरच वर्गणी हलवून घ्या, कारण तिने डोळे मिटले की तुमचे पैसेही तिच्याबरोबर गेले.

तुमचा कोणीतरी म्हणाला होता, जुनी बेल आता फेकून द्या मॅडम. आमच्या शहरात ते इतकं सोपं नाही. इथे कचरा सहा प्रकारांत वेगळा करावा लागतो आणि ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. कचरागाडीवरच्या पोराला कोणती वस्तू कुठे जाते ते अचूक माहीत आहे, तुमच्या कंपनीत ते कोणाला माहीत असल्याचं अजून दिसलेलं नाही. निकाल लागेपर्यंत ती बेल पुरावा म्हणून माझ्या कपाटात राहील.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका. केलात तर मीच घेईन, 'सरां'ना देणार नाही.

तुमची ग्राहक (अजून तरी),
राजेंद्रनगर, इंदूर

सोबत: ॲपवरील पट्टीचा स्क्रीनशॉट, वर्गणीची पावती, नव्या बेलचं बिल, ट्रान्सफॉर्मरचं बिल.

ता. क. ट्रान्सफॉर्मरचं बिलही तुम्हीच भरायचं आहे. त्यासाठी वेगळं तिकीट रेज करणार नाही.