म्हातारीचा वाघ परत करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या बालपुरवणीत ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ वाचली. त्यात वाघच म्हातारीची पिशवी उचलून तिला लेकीच्या दारापर्यंत सोडतो! मग परतताना ती भोपळ्यात कशाला बसली?

मी निवृत्त शिक्षिका. या एकाच गोष्टीची रूपं जमवते आणि अमळनेरच्या आसपास शाळा-अंगणवाड्यांत ती करून दाखवते. (सूनबाई म्हणते, माळ्यावर आणखी एक सासू ठेवलीय.) बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी लिहिलेली कुबडी म्हातारी आहे, ती भोपळ्यातूनच परतते. इराणातही म्हातारी, लेक, भोपळा, सगळं तेच. यावलकडच्या एका आजींची म्हातारी तर तूपरोटीऐवजी भरीत-पुरी खाऊन लठ्ठ होते. जनावर मात्र सगळीकडे भुकेलंच.

माझा भोपळा खरा आहे. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधायचे ना, तसला वाळका. बिया आतच ठेवल्यात. हलवला की खुळखुळतो, टिचकी मारली की टुणूक. वाघ आला की मी भोपळा अगदी सावकाश फिरवते. पहिलीतली पोरं भिंतीकडे सरकतात आणि गोष्ट संपली की ओरडतात, ‘बाई, अजून एकदा वाघ!’

तेव्हा पुढच्या रविवारी मूळ गोष्ट छापावी, वाघासकट. आणि अहिराणीत ती सांगणारी आजी कुणाच्या घरी असेल, तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. लगेच.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)