थर्मल शॉकचा वेळ नक्की कधीपासून मोजायचा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. मी टेस्ट लॅबमध्ये थर्मल शॉक चेंबर, म्हणजे वस्तूला झटक्यात गरम-थंड करून तपासणारं यंत्र, चालवतो, आणि एका गोष्टीबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या माहितीत "५०० सायकल थर्मल शॉक पास" वाचलं की माणूस निश्चिंत होतो, पण त्या ५०० सायकल (एकदा गरम, एकदा थंड म्हणजे एक सायकल) कशा प्रोग्राम केल्या होत्या हे कोणी विचारतच नाही.

दोन कप्प्यांचं चेंबर असतं, एक गरम एक थंड, मध्ये बास्केट वर-खाली होते आणि काही सेकंदांत माल एका टोकाच्या तापमानातून दुसऱ्या टोकाला जातो. समजा उणे ४० ते अधिक १२५ अंश आणि दोन्हीकडे ३० मिनिटं सोक, म्हणजे त्या तापमानाला मुरू देणं. स्क्रीनवर हे आकडे टाकायला पाच मिनिटंही लागत नाहीत. खरा प्रश्न हा, की ती ३० मिनिटं कधीपासून मोजायची?

चेंबरचा सेन्सर हवेचं तापमान बघतो. हवा पटकन उणे ४० ला येते, पण जाड ॲल्युमिनियमच्या डब्यातलं सर्किट तिथे पोचायला वेळ लागतो. मी एकदा डब्याच्या आत सगळ्यात जड ट्रान्सफॉर्मरला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून पाहिलं, तर तिथे पोचायला २२ मिनिटं गेली, म्हणजे ३० पैकी खरा सोक फक्त ८ मिनिटं! त्याआधीचा रिपोर्ट मात्र ३० मिनिटांचा निघाला होता आणि त्यावर सहीही झाली होती. मला रात्रभर झोप लागली नाही, कारण तो प्रोग्राम मीच टाकला होता.

सोल्डर जॉइंट (कंपोनंट बोर्डाला जोडणारा डाग) तुटतो तो नुसत्या थंडीने नाही. सिरॅमिकचा कंपोनंट अंशामागे साधारण ६-७ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) फुगतो आणि खालचा एफआर-४, म्हणजे काचतंतू-इपॉक्सीचा, बोर्ड १४ ते १७, त्या ओढाताणीत मधलं सोल्डर प्रत्येक सायकलला थोडं थोडं थकत जातं, आणि सोल्डरला हळूहळू सरकायला टोकाच्या तापमानाला वेळ मिळाला नाही तर तो थकवा कमी दिसतो. मग लॅबमध्ये पास झालेला बोर्ड वापरात फेल जातो.

अजून एक घोळ म्हणजे एकाच कप्प्याच्या चेंबरमध्ये मिनिटाला ५-१० अंशांनी तापमान चढवायचं-उतरवायचं आणि रिपोर्टवर "थर्मल शॉक" लिहायचं. आयईसी ६००६८-२-१४ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये या वेगळ्या टेस्ट आहेत, झटक्याची एनए आणि ठराविक वेगाने बदलाची एनबी. दोन्ही उपयोगी आहेत पण एकीचं नाव दुसरीला देऊ नका हो.

आणि शेवटची सायकल कायम गरम कप्प्यात संपवा, नाहीतर थंड माल बाहेर काढला की त्यावर दव धरतं आणि जो दोष मुळात नव्हता तोच मोजला जातो, मी हे स्वतः पाहिलंय.

३० मिनिटं मालाच्या तापमानावरून मोजली तर तीच ५०० सायकलची टेस्ट २१ दिवसांवरून सहज ३५-३६ दिवसांवर जाते, वीजही जास्त लागते, आणि मॅनेजरांचा विरोध असतो तो यालाच. तो खर्च आम्हालाही समजतो. पण निदान रिपोर्टमध्ये हवेच्या आलेखाशेजारी मालाच्या तापमानाचा आलेख आणि बास्केट सरकायला लागलेला वेळ छापा, एवढं लॅबवाल्यांनी करावं आणि माल घेणाऱ्यांनी ते मागून घ्यावं, एवढीच विनंती.

आपला,
एक टेस्ट इंजिनिअर