‘इथे बसू का?’ असं विचारणाऱ्या परीक्षकांना

सप्रेम नमस्कार,

आभार खरं तर त्याच दिवशी मानायला हवे होते. पण आमची मुलं स्टेजवरून उतरत होती, पुढच्या शाळेचा बँड चढत होता, मधल्या जागेत ट्रॉम्बोनच्या पेट्यांचा खच पडला होता आणि तुम्ही तिघंही टेबलाकडे परत निघाला होतात. त्यामुळे लांबूनच हात हलवला. तुमच्या लक्षात आला असेल असं वाटत नाही.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. शाळांच्या संगीत महोत्सवात परीक्षक म्हणून बसणाऱ्या इतरांनीही ते वाचावं असा माझा स्वार्थ आहे. तुमची नावं देत नाही. तुम्हाला जे ओळखतात ते ओळखतीलच. आणि पत्र तिघांना असलं तरी त्यातला बराच मजकूर तुमच्यापैकी जे ड्रम वाजवतात त्यांच्यासाठी आहे. म्हणून यापुढे ‘तुम्ही’ म्हणजे ते. बाकी दोघांनी राग मानू नये, त्यांच्याकडेही येतो.

आधी थोडी जुनी तक्रार. ती सांगितल्याशिवाय तुम्ही नेमकं काय केलंत हे तुम्हालाही कळायचं नाही.

गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका महोत्सवात गेलो होतो. तिथल्या परीक्षकांनी शेऱ्यांचा कागद दिला आणि वादन चालू असताना बोललेल्या सूचनांचं ध्वनिमुद्रणही दिलं. कागदावर ‘सुरांकडे लक्ष द्यावे’ असं होतं. नंतर इतर शिक्षकांशी बोलल्यावर कळलं की हेच वाक्य, याच शब्दांत, आणखी दोन बँडच्या कागदांवर होतं. ध्वनिमुद्रणात आमच्या दुसऱ्या रचनेच्या मध्यावर गोळीचा कागद उलगडल्याचा आवाज येतो आणि मग बराच वेळ काहीच येत नाही. बहुधा गोळी चांगली असावी. आणि सगळ्यात खाली, गुण वजा करून, एक ओळ होती: ‘गिटार ऐकू येत नाही.’

बिग बँडमध्ये, म्हणजे जॅझ वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदात, गिटार म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आमच्याकडे 17 मुलं आहेत: 5 सॅक्सोफोन, 4 ट्रम्पेट, 4 ट्रॉम्बोन, आणि पियानो, बास, ड्रम, गिटार ही लय सांभाळणारी चौकडी. स्विंगच्या (झुलत्या लयीच्या जॅझच्या) रचनेत गिटारवाल्याचं काम दर मात्रेला एक कॉर्ड (एकदम वाजवलेले काही सूर), चारही मात्रांना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एकल वादन नाही, टाळ्या नाहीत. पुढे उभं राहायला कुणी बोलवत नाही. हे काम चोख झालं तर ऐकणाऱ्याला गिटार वेगळी ऐकूच येत नाही. बासचा सूर भरदार वाटतो, ड्रमला धार येते, एवढंच. गिटार थांबली की मात्र काहीतरी निघून गेल्याचं जाणवतं.

आमची गिटारवाली हे काम मनापासून करायची. (तिला विचारूनच हे लिहितोय. नाव नको म्हणाली.) त्या शेऱ्यावर ती काहीच बोलली नाही. पुढच्या तालमींना घरून मोठा ॲम्प्लिफायर घेऊन येऊ लागली. मी परोपरीने सांगितलं, पण शिक्षकाचा शब्द आणि परीक्षकाने कागदावर लिहिलेला शब्द यांत मुलं कुणाला वजन देतात ते प्रत्येक शिक्षक जाणतो. ती मोठ्याने वाजवायला लागली तसा ड्रमरही चढला, ड्रमर चढला म्हणून ट्रम्पेट चढले, आणि सॅक्सोफोनची पहिली रांग बिचारी फुंकून फुंकून लाल व्हायला लागली. एका बेफिकीर ओळीने 17 जणांचा तोल बिघडतो, हे ती लिहिणाऱ्याला कधी कळणार नाही.

तर अशा अवस्थेत आम्ही तुमच्यासमोर वाजवलं. वाजवून झाल्यावर तुम्ही स्टेजवर आलात. ड्रम वाजवणारा परीक्षक म्हटल्यावर तुम्ही थेट आमच्या ड्रमरकडे जाणार हे आम्ही गृहीतच धरलं होतं; त्याने तर भीतीने काठ्या खाली ठेवल्या होत्या. तुम्ही त्याच्याकडे बघून नुसते हसलात, एक रिकामी खुर्ची उचललीत, गिटारजवळ नेलीत आणि तिला विचारलंत, “इथे बसू का?”

त्या तीन शब्दांसाठी हे सगळं पत्र आहे.

तुम्ही अनेक वर्षं जगभर वाजवत आला आहात. त्या दिवशी त्या सभागृहात तुम्हाला कुठेही बसायचा अधिकार होता. परीक्षक येतात, मुलांच्या स्टँडवरचा कागद ओढून घेतात, हातातलं वाद्य काढून घेऊन ‘असं वाजव’ म्हणून दाखवतात; त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही आणि खरं तर आम्हालाही वाटेनासं झालंय. तुम्ही पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या जागेत यायची परवानगी मागितलीत आणि उत्तर येईपर्यंत उभे राहिलात. तिला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण हा प्रश्न आपल्यालाच विचारलाय हे तिला आधी पटेना. ती मान हलवेपर्यंत खुर्ची तुमच्या हातातच होती. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. घाई नाही, प्रेक्षकांकडे बघून केलेला विनोद नाही. दुसऱ्या संगीतकाराच्या शेजारी बसताना विचारतात, तसं विचारलंत.

मग दुसरा प्रश्न: “हा बंद केला तर चालेल?” ॲम्प्लिफायर तिनेच बंद केला. तुम्ही प्रेक्षकांकडे पाठ करून, कान तिच्या गिटारकडे करून बसलात आणि बँडला म्हणालात, “पहिल्यापासून घ्या. मला ही ऐकू यायला हवी. नाही आली तर चूक हिची नाही.”

पहिल्यांदा अर्थातच काही ऐकू आलं नाही. तुम्ही हात वर करून थांबवलंत, काही बोलला नाहीत, पुन्हा सुरू करायची खूण केलीत. असं दोन-तीनदा झालं. मग ट्रम्पेटवाल्यांनी आपणहून आवाज खाली आणला, त्यांच्यामागोमाग ड्रमरने, आणि अचानक त्या उघड्या गिटारची किणकिण सगळ्यांना ऐकू आली. त्यानंतर बँड जसा वाजला तसा तो त्याआधी कधी वाजला नव्हता. अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे सूर सगळ्यांचे एकाच ओढीने पडत होते, कारण पहिल्यांदाच सगळे एकाच माणसाला ऐकत होते. तुमच्या कागदावर याबद्दल काहीही लिहिलेलं नाही, हेही मला आवडलं.

घरी आल्यावर तिने मला विचारलं, असं वाजवणारं खरंच कुणी होऊन गेलं का? मी तिला फ्रेडी ग्रीन ऐकायला दिले. अमेरिकन जॅझ पियानोवादक काउंट बेसी यांच्या बँडमध्ये ते 1937 मध्ये आले आणि मधला एक छोटा काळ सोडला तर 1987 मध्ये जाईपर्यंत तिथेच होते. बेसी स्वतः 1984 मध्ये गेले, तरी ग्रीन आपल्या खुर्चीत होतेच. जवळजवळ 50 वर्षं चार मात्रांना चार कॉर्ड, आणि एकल वादन शोधून काढावं लागेल इतकं कमी. गिटार ॲम्प्लिफायरशिवाय, तारा चांगल्या उंच चढवलेल्या, आणि कॉर्डमधलेही बहुतेक सूर गाळून कधी दोन, कधी एकच सूर घुमू द्यायचा. आमच्या गेल्या वर्षीच्या परीक्षकांनी त्यांच्याही कागदावर ‘ऐकू येत नाही’ लिहून गुण कापले असते याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

याच बँडची दुसरी एक गोष्ट कठोर परीक्षकांना फार प्रिय असते. 1936 च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतल्या रिनो क्लबमध्ये पंधरा-सोळा वर्षांचा चार्ली पार्कर (पुढे जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक) वाजवताना चुकला, तेव्हा बेसींचे ड्रमर जो जोन्स यांनी झांज काढून त्याच्या पायाशी टाकली. सांगता सांगता ती झांज आता डोक्याच्या दिशेने भिरकावलेली झाली आहे. ‘अपमान झाला म्हणून पार्कर घडला’ असं तात्पर्य काढलं की मुलांशी वाटेल तसं बोलायचा परवाना मिळतो. एका महोत्सवात रडवेल्या मुलासमोर ही गोष्ट सांगणारा परीक्षक मी पाहिला आहे. पुढचं कुणी सांगत नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पार्कर ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडबरोबर राहिला, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगची रेकॉर्डवरची वादनं पाठ केली, आणि कॉर्ड कसे एकातून दुसऱ्यात जातात हे त्याला एफर्ज वेअर नावाच्या गिटारवादकाने बसवून समजावलं. झांज सगळ्यांना माहीत आहे, एफर्ज वेअर कुणाला माहीत नाही. आणि ज्या जो जोन्सचं नाव घेऊन दरडावतात, ते स्वतः ड्रम किती हलक्या हाताने वाजवायचे, ग्रीनच्या गिटारला किती जागा द्यायचे, हे त्या रेकॉर्ड ऐकल्या तर कळेल. पण त्यासाठी ऐकावं लागतं.

चांगुलपणाबद्दल बोलायला लागलो की माझं भान सुटतं, तरी ट्रम्पेटवादक क्लार्क टेरींचं सांगतोच. सेंट लुईसमध्ये लहान असताना त्यांनी एका वयस्कर ट्रम्पेटवाल्याला विचारलं होतं, खालचे सूर भरदार कसे काढायचे? त्याने सांगितलं, दात आवळ आणि डावा कान हलव. पोराची थट्टा. टेरी पुढे बेसी आणि ड्यूक एलिंग्टन या दोन्ही नामवंत बँडप्रमुखांच्या बँडमध्ये वाजवून आले आणि जन्मभर, 2015 मध्ये वयाच्या 94 व्या वर्षी जाईपर्यंत, विचारेल त्याला शिकवत राहिले. सिअ‍ॅटलमध्ये किशोरवयीन क्विन्सी जोन्स (पुढे नामवंत संगीतकार आणि निर्माता) शाळेच्या आधी त्यांच्याकडे शिकायला यायचा. टेरी तेव्हा रात्रीचा कार्यक्रम संपवून नुकतेच परतलेले असायचे. थट्टा झालेली माणसं दोन प्रकारची होतात. काही जण पुढच्या पोराला कान हलवायला सांगतात.

तुम्हीही आदल्या रात्री उशिरापर्यंत वाजवून सकाळी पहिल्या बँडच्या आधी हजर होतात, असं आयोजकांकडून कळलं. दिवसभर शाळकरी मुलांचे बेसूर ऐकायचे, त्याच त्या रचना पुन्हा पुन्हा ऐकायच्या, आणि दुपारी आमच्यासारख्यांच्या वाट्याला तेवढाच ताजा कान द्यायचा. यात पैसा काही मोठा नसतो, नावही होत नाही.

आता बाकीचे दोघे. ट्रम्पेटवाल्या ताई, तुम्ही आमच्या मुलांना काही सांगण्याआधी रांगेतल्या प्रत्येकाचं नाव विचारलंत आणि शेवटपर्यंत एकही चुकला नाहीत. चौथ्या ट्रम्पेटवाल्याला वर्गशिक्षकही अजून भावाच्या नावाने हाक मारतात. एलिंग्टनच्या बँडमधल्या नोटेशनच्या कागदांवर वाद्याऐवजी वादकाचं नाव असायचं, असं मी मुलांना सांगत आलोय. त्याचा अर्थ त्यांना त्या दिवशी कळला. पियानोवाले सर, तुमच्या ध्वनिमुद्रणात एका जागी तुम्ही ‘अरे वा’ म्हणता आणि मग पुढचे बारा बार (मात्रांचे गट) नुसते गुणगुणता. आमचा पियानोवादक ती जागा किती वेळा ऐकतो हे त्याच्या घरच्यांना विचारा. तुम्ही त्याच्या डाव्या हाताबद्दल जे म्हणालात तेही त्याने ऐकलं असावं, कारण बासच्या पट्टीत तो आता लुडबुड करत नाही.

क्रमांक आमचा आला नाही. ज्यांचा आला ते आमच्यापेक्षा चांगलं वाजले होते, आणि तुमच्या कागदांवरून ते का चांगले होते हेही कळलं.

आता एक काम. आमच्या ड्रमरने मला बजावलंय की पत्र लिहिताय तर माझंही विचारा. तुम्ही जाता जाता त्याला म्हणालात की बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) चारही मात्रांना वाजवायचा, पण पाय इतका हलका की प्रेक्षकांना ऐकू येता कामा नये, फक्त जाणवायला हवा. हे त्याला पटलंय. पण वेगवान रचनेत त्याची पोटरी दुसऱ्या कोरसलाच (धुनेच्या दुसऱ्या फेरीलाच) भरून येते आणि पाय आपोआप आदळायला लागतो. टाच खाली टेकवून ठेवायची की उचललेली, एवढं त्याला हवंय. शिवाय त्याच्या बुटाचा तळ जाड आहे, त्याने फरक पडतो का, असंही विचारायला सांगितलंय. सवड झाली तर दोन ओळी लिहा. घाई नाही, पण तो रोज विचारतो.

आपला,
शाळेत बँड शिकवणारा एक शिक्षक