बटण दाबणाऱ्या मास्तरचं पत्र

बेळगाव, रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय गड्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "तुझं बरं आहे मास्तर, कोटीतलं मशीन, बटण दाबलं की झालं, तू कॅम्पात फिरायला मोकळा." तेव्हा हसलो, खरं नंतर ते डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. व्हॉट्सॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा टाकून गप्प बसला असतास.

तर बटण. बटणाचं काम दिवसातून पाचेक मिनिटांचं असतं, बाकी वेळ मी काय करतो विचारशील तर धुतो, पुसतो, वाट बघतो आणि इंडेंट, म्हणजे सामान मागवायचे अर्ज, भरतो. आमचं मशीन, मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे एक तराजूच समज, फक्त प्रोटीनचे तुकडे तोलायचा. धान्य, रक्त, काय असेल त्यातनं प्रोटीन काढायचं, त्यात ट्रिप्सिन, म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम, घालून रात्रभर ३७ डिग्रीला ठेवायचं. ते ट्रिप्सिन मोठं शिस्तीचं, लायसिन आणि आर्जिनिन या दोनच अमिनो आम्लांच्या मागं कापतं, दुसरीकडं सुरी लावत नाही, म्हणून तर कुठल्या प्रोटीनचे कुठले तुकडे पडणार हे आधीच कागदावर मांडता येतं. मग ते तुकडे केसाएवढ्या बारीक नळीतून जातात, मिनिटाला ३०० नॅनोलिटर, म्हणजे एक मिलिलिटर संपायला दोन दिवसांच्या वर लागतील, आणि नळीच्या टोकाला दोनेक हजार व्होल्ट लावले की त्याची फवारणी होऊन तुकडे मशीनच्या पोटात. आत निर्वात. ही जी निर्वात आहे ना, माझं सगळं आयुष्य तिच्या मागं चाललंय.

जूनमधली गोष्ट सांगतो. बाहेर आपला बेळगावी पाऊस, तुला माहीतच आहे, छत्री असून नसल्यासारखी. रात्री पावणेबाराला लॅबमधल्या गोकाकच्या पोराचा फोन, "सर, करेंट होग्याद री," म्हणजे करेंट गेलाय. हे पोरगं घाबरलं की कन्नडवर येतं, शांत झालं की मराठीत "सर, तसं काय झालेलं न्हाई" म्हणतं, त्यामुळं प्रकरण किती गंभीर आहे ते मला भाषेवरूनच कळतं. यूपीएस चाळीस मिनिटांचा, जनरेटर आपोआप चालू व्हायला पाहिजे होता तो झाला नाही, बॅटरी उतरलेली. त्या बॅटरीचा इंडेंट तीन आठवडे ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होता, तीन कोटेशन पाहिजेत म्हणे, दोनच आलेली. मी शहापूरहून गाडी काढली, हायवेला लागून लॅबवर पोचलो तेव्हा यूपीएस बोंबलायला लागलेला. निर्वात राखणारा टर्बो पंप म्हणजे मिनिटाला हजारो फेरे घेणारं पातं, करेंट एकदम गेला की ते मंदावत जातं आणि त्याचा आवाज, मर्दा, पट्टा उतरल्यावर पिठाची गिरणी कशी हुंकार देत देत बसते तसा. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस परत ऐकायला नको म्हणतो, कारण एकदा हवा आत गेली की परत निर्वात व्हायला, तापवायला, वजनं जुळवायला दोन दिवस तरी जातात आणि काही बिघडलंच तर इंजिनिअर बेंगळुरूहून, ५०० किलोमीटर, त्याचं तिकीट, त्याचा व्हिजिट चार्ज. मग काय, माझ्या गाडीचीच बॅटरी काढली, पोरानं मोबाईलचा टॉर्च धरला, दुसऱ्या हातात छत्री, आणि बारा वीसला जनरेटर खोकत खोकत लागला. सकाळी बायकोनं विचारलं गाडी का चालू होईना. इंडेंटचं तिसरं कोटेशन ऑगस्टात आलं.

हे झालं करेंटचं. दुसरं म्हणजे घाण, आणि ती आपलीच. तुझ्या-माझ्या कातडीतलं, केसांतलं केराटिन नावाचं प्रोटीन हवेत सतत उडत असतं, त्यामुळं कुठलाही नमुना लावा, तांदूळ असो नाहीतर दूध, यादीत वरच्या दहात माणसाचं केराटिन हजर. मागच्या थंडीत तर एका नमुन्यात मेंढीचं केराटिन आलं. तांदळात मेंढी! दोन दिवस डोकं खाजवलं, शेवटी लक्षात आलं की चिकोडीकडची आमची पोरगी आजीनं विणलेला लोकरीचा स्वेटर घालून बेंचवर काम करायली. आता आजीच्या स्वेटरवर काय बोलणार, तरी बोललो. दुसऱ्या दिवशी ती बाहेर खुंटीला स्वेटर लावून, कुडकुडत, वर ॲप्रन घालून आली आणि मलाच लाजल्यासारखं झालं.

साबणाचं वेगळंच. बाटल्या डिटर्जंटनं धुतल्या की स्क्रीनवर शिखरांची रांग लागते, वजनात बरोब्बर ४४-४४ च्या अंतरानं, कुंपणाचे खांब पुरल्यासारखी. ती रांग दिसली की कुणी काही विचारत नाही, सगळे मोरीवरच्या मावशींकडं बघतात, मावशी माझ्याकडं बघतात. खरं सगळीच घाण वाईट असंही नाही. हवेत सिलिकोनचे कण असतात, डिओडरंट-क्रीममधनंही येतात, त्यांचं एक शिखर ४४५.१२ या वजनाला कायम दिसतं, आणि ते इतकं इमानी की मशीन त्यालाच माप धरून बाकीची वजनं दुरुस्त करून घेतं.

खंडेनवमीला मात्र माझी परीक्षा असते. इथं मशीनची पूजा केल्याशिवाय स्टाफ ऐकत नाही आणि मला ती मोडायचीही नाही, म्हणून तह झालाय: झेंडूची माळ आणि कुंकू कॉम्प्युटरच्या टेबलाला, उदबत्ती व्हरांड्यात, कोहळा इमारतीच्या पायरीवर, आणि फवारणीच्या टोकापासून सहा फूट कुणी फिरकायचं नाही. पहिल्या वर्षी एकानं प्रेमानं मशीनच्या तोंडाशीच कापूर ओवाळला होता. त्या आठवड्याचा डेटा मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

पोरांचे नमुने नासले की मी त्यांना तानाकाची गोष्ट सांगतो. जपानी कंपनीतला साधा इंजिनिअर, पीएचडी नाही, एकदा चुकून कोबाल्टच्या पावडरीत ग्लिसरीन मिसळलं, टाकून द्यायला जिवावर आलं म्हणून तसंच वापरलं, आणि त्यातून प्रोटीन न मोडता मशीनमध्ये तोलायची युक्ती सापडली, तिला २००२ चं नोबेल. पोरं ऐकून खूश होतात. मग मी म्हणतो, त्यानं वहीत लिहून ठेवलं होतं काय मिसळलं ते, तुमची वही कुठाय? मग गप्प.

आता खरं काम. आपला बेळगाव बासमती आठवतो? लहानपणी गल्लीत कुणाच्या घरी पाहुणे आलेत ते भाताच्या वासावरून कळायचं. येळ्ळूरचे एक काका अजून थोडा पिकवतात, आजूबाजूला प्लॉट पडायलेत तरी. त्यांनी मला विचारलं, "वास कशानं येतोय ते तुझं मशीन सांगतंय काय?" मी म्हटलं काका, हे लोकांनी आधीच शोधलंय. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी दाखवलं की बासमतीसारख्या वासाच्या तांदळात एका जीनमधली डीएनएची आठ अक्षरं गळालेली असतात. साध्या तांदळात त्या जीनपासून ५०३ अमिनो आम्लांचं एक एन्झाइम होतं, ते वासाचा कच्चा माल दुसरीकडं वळवतं. आठ अक्षरं गेली की एन्झाइम मधेच तुटतं, कच्चा माल साठतो आणि त्याचा वास होतो, परसात लावतात त्या बासमतीच्या पानाचाही तोच. म्हणजे काहीतरी आहे म्हणून वास नाही, नाही म्हणून वास. काकांनी पान थुंकून ऐकलं, म्हणाले, "मग आमच्यातही नाहीच कशावरून?"

गड्या, गेलं दीड वर्ष मी ह्या एका प्रश्नावर बसलोय. मशीनला एखादं प्रोटीन दिसलं नाही तर ते नाहीच असं म्हणता येत नाही. तांदळाच्या दाण्यात ग्लुटेलिन या साठवणीच्या प्रोटीनचाच एवढा दंगा असतो की बारीकसारीक प्रोटीन जत्रेत हरवलेल्या पोरासारखं, हाक मारलेली ऐकूच येत नाही. म्हणून आम्ही त्या एन्झाइमच्या मागच्या अर्ध्यातला, जिथपर्यंत तुटकं एन्झाइम पोचतच नाही तिथला, एक तुकडा बाहेरून बनवून मागवला, त्याचं लायसिन जड कार्बन-नायट्रोजनचं, त्यामुळं वजन बरोब्बर ८ नं जास्त. तो मोजून नमुन्यात टाकायचा. नळीतून जड आणि हलका जोडीनंच बाहेर पडतात, मग जड दिसला आणि त्याच क्षणाला हलका नाही दिसला तर निदान एवढं म्हणता येतं की असलाच तर ह्या मापाहून कमी आहे. साध्या सोना मसूरी तांदळात दोघं दिसले, जोडीनं, रांगेत. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी खडेबाजारातून कुंदा आणून खाल्ला.

काकांच्या तांदळात जड एकटाच आला. तीनदा लावलं, तीनदा एकटा. चौथ्यांदा त्याच जागी हलक्याची एक बारीकशी गाठ दिसली, मशीनचीच खरखर असेल, किंवा आधीच्या मसूरीचा राहिलेला अंश असेल, किंवा काकांच्या पोत्यात दुसरा तांदूळ मिसळला असेल, खळ्यावर तसं होतं. आता नळी बदलून, मधे कोरं पाणी चालवून, उद्या परत लावायचं. आत्ता नळी धुवायला लावून इथंच बसलोय, म्हणून तर एवढं लांबलचक लिहिणं झालं.

काकांना विचारून तुझ्यासाठी पाच किलो बाजूला काढायला सांगितलंय, नवा नाही, मागच्या वर्षीचा, मुरलेला. दिवाळीत येशील तेव्हा घेऊन जा. आणि येताना स्वेटर घालून लॅबमध्ये यायचं नाही.

तुझा,
मास्तर