गॅसच्या विहिरी आटल्या म्हणण्याआधी त्यातलं पाणी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा सकाळी सीएनजी पंपावर रिक्षांची लाइन पार चौकापर्यंत आलेली, मी एका रिक्षात बसून होतो तेव्हा रिक्षावाले म्हणाले, "काका, आपल्याकडच्या विहिरीच आटल्यात म्हणे, म्हणून भाव वाढतोय." हे वाक्य पेपरातही सारखं वाचतो. मी गुजरातमधल्या भरूच भागात गॅसच्या विहिरींवर २२ वर्षं ऑपरेटर होतो, आता कोथरूडला असतो, म्हणून राहवलं नाही. आटली म्हणून बंद केलेल्या कितीतरी विहिरींत गॅस शिल्लक असतो, त्या पाण्याने गुदमरलेल्या असतात.

होतं काय की जमिनीतून गॅसबरोबर पाणी आणि थोडं कंडेन्सेट (पेट्रोलसारखं हलकं तेल) येतंच. विहीर तरणी असते तेव्हा गॅस इतक्या जोरात वर येतो की पाण्याचे थेंबही उडवून बाहेर नेतो. पुढे खालचं प्रेशर उतरतं, वेग कमी पडतो आणि थेंब मागे घसरून तळाशी साचायला लागतात. किती वेगाखाली थेंब मागे पडतात याचं गणित टर्नर आणि सहकाऱ्यांनी १९६९ सालीच मांडलंय, म्हणजे हे काही गूढ नाही. ३०० मीटर पाणी साचलं की दर चौरस सेंटीमीटरला साधारण ३० किलोचं प्रेशर डोक्यावर बसतं, म्हातारी विहीर ते कुठून उचलणार?

आमच्याकडे हे आधी विहिरीच्या गॅसची नोंद होते त्या चार्टवर कळायचं. नेहमी सरळ जाणारी रेघ करवतीच्या दातांसारखी व्हायची, केसिंगचं (विहिरीच्या बाहेरच्या पाइपाचं) प्रेशर चढत जायचं आणि ट्युबिंगचं (गॅस वर आणणाऱ्या आतल्या पाइपाचं) उतरत जायचं, मग सीनियर म्हणायचे, "वेल लोड झाली", म्हणजे विहिरीत पाणी भरलं. तेव्हा हात लावला तर विहीर वाचते, महिनाभर फाइल फिरत राहिली तर मरते. अशा मेलेल्या विहिरी मी पाहिल्यात आणि त्याचं अजून वाईट वाटतं.

उपाय फार महागडे असतात असंही नाही. साबणाच्या कांड्या वरून सोडायच्या, त्या पाण्यात विरघळल्या की फेस होतो आणि असा हलका फेस वर ढकलायला थोडासा गॅसही पुरतो. किंवा आत बारीक पाइप घालायचा, नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी कसं जोरात जातं तसा गॅसचा वेग वाढतो. माझ्या मते सगळ्यात भारी प्लंजर. पाइपात सैलसर बसणारा लोखंडी दांडा, विहीर थोडा वेळ बंद ठेवून प्रेशर साठू द्यायचं आणि व्हॉल्व्ह उघडायचा, दांडा पाण्याचा गोळा डोक्यावर घेऊन वर येतो. रात्रपाळीला तो वर येऊन ठक्कन आदळायचा तो आवाज आणि मागोमाग पाण्याचा लोंढा, नंतर सुरू झालेला गॅसचा एकसारखा सूं सूं आवाज, ते ऐकून खरंच बरं वाटायचं.

एक गोष्ट मात्र करू नये, विहीर सरळ हवेत उघडून पाणी उडवणं. आम्हीही ते केलंय आणि चुकीचं होतं. त्यात निव्वळ मिथेन, म्हणजे या गॅसचा मुख्य भाग, वाया जातो आणि २० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापमान वाढवतो.

देशाला लागणाऱ्या गॅसपैकी जवळपास निम्मा आपण एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला गॅस) म्हणून परदेशातून जहाजाने आणतो, आणि पुण्यातल्या रिक्षा, पीएमपीच्या बसेस, घराघरातले पाइपचे शेगडी-बर्नर सगळे त्या महाग गॅसकडे ढकलले जातायत. एप्रिल २०२३ पासून ओएनजीसी आणि ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांत नवीन खोदलेल्या किंवा दुरुस्ती केलेल्या विहिरींच्या गॅसला सरकारी दरावर २० टक्के जास्त भाव घ्यायची मुभा आहे, निर्णय चांगलाच आहे. पण साबण-प्लंजरच्या रोजच्या कामाला माणसं लागतात, चार्ट बघणारे डोळे लागतात, आणि तीच पदं सगळ्यात आधी रिकामी राहतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माझी विनंती एवढीच की तुमच्या बातमीदारांनी कंपन्यांना विचारावं, बंद विहिरी किती, त्यातल्या पाण्यामुळे बंद किती आणि त्यांच्यावर शेवटचं काम कधी झालं. सीएनजीचे दर वाढल्याची बातमी छापता तिच्या शेजारी हे आकडेही छापा.

आपला,
एक निवृत्त वेल ऑपरेटर, कोथरूड, पुणे